पैसे कटले, पोचले नाहीत : टेलिग्राम, टॉन फाउंडेशन आणि ब्रिज बांधणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
टेलिग्राम, टॉन फाउंडेशन
आणि टॉनला इतर चेनशी जोडणारे ब्रिज व अडॅप्टर बांधणारे सर्व संघ

विषय : ब्रिजच्या मधल्या टप्प्यात अडकलेला व्यवहार दिसावा, परत फिरावा आणि पलीकडच्या खात्याची चावी वापरणाऱ्याच्या हाती असावी, याबाबत

सप्रेम नमस्कार,

यूपीआय वापरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी हे वाक्य आलेलं असतं : ‘पैसे कटले, पण पोचले नाहीत.’ दुकानदार म्हणतो, आलेच नाहीत. आपल्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येऊन पडलेला. पण त्यापुढे काय करायचं हे ठरलेलं आहे. व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, पडद्यावर ‘प्रलंबित’ असं लिहून येतं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, एका खात्यातून कटून दुसऱ्यात न पडलेले पैसे फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई.

तुमच्या ब्रिजवर पैसे कटतात आणि पोचत नाहीत, तेव्हा यातलं काहीही नसतं. (नव्या वाचकांसाठी : ब्लॉकचेन, थोडक्यात चेन, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली व्यवहारांची सामाईक वही; टॉन ही त्यांतली एक. एका चेनवरची नाणी दुसरीवर नेणारी यंत्रणा म्हणजे ब्रिज.) त्यासाठी हे पत्र.

आम्ही टेलिग्रामची मिनी ॲप, म्हणजे टेलिग्रामच्या आतच उघडणारी छोटी ॲप, लिहिणारे, तपासणारे आणि त्यांच्या मदत-गटांत मराठीतून उत्तरं देणारे लोक आहोत. यात आमचा स्वार्थ सरळ आहे. बटण आमच्या ॲपमध्ये असतं, म्हणून पैसे अडकले की जाब आम्हाला विचारतात. आणि जाब द्यायला लागणारी माहिती असते तुमच्याकडे.

२१ जानेवारी २०२५ रोजी तुम्ही जाहीर केलंत की टेलिग्रामच्या मिनी ॲपसाठी टॉन हीच एकमेव ब्लॉकचेन, आणि वॉलेट (नाण्यांची चावी सांभाळणारं ॲप) जोडायचं ते टॉन कनेक्ट या टॉनच्या जोडणीनेच. दुसऱ्या चेनवर चालणाऱ्या ॲपना २१ फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळाली. धंद्याचा निर्णय म्हणून तो तुमचा हक्क होता, त्यावर आम्ही हुज्जत घालत नाही. त्याचा परिणाम मात्र नीट पाहा. कर्जाचे, अदलाबदलीचे, व्याजाचे बहुतेक जुने आणि मोठे प्रोटोकॉल, म्हणजे चेनवर आपोआप चालणाऱ्या सेवा, सॉलिडिटी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेले आहेत आणि ते ईथेरियम या चेनवर किंवा तिच्या धाटणीच्या ईव्हीएम चेनवर चालतात. (मराठी वाचकांसाठी : इथे ईव्हीएम म्हणजे मतदानयंत्र नव्हे, ईथेरियम व्हर्च्युअल मशीन.) दुसऱ्या बाजूला टेलिग्राम महिन्याला १ अब्जाहून जास्त लोक वापरतात, हा आकडा टेलिग्रामचे संस्थापक पावेल ड्युरोव्ह यांनीच मार्च २०२५ मध्ये सांगितला. या दोघांमध्ये आता एकच वाट उरली : आधी टॉन, मग ब्रिज. काल जी सोय होती ती त्या दिवशी सक्ती झाली. कोकणात ओढ्यावर सुपारीची चार खोडं टाकून साकव करतात. ज्याला जमेल तो जातो, नाहीतर लांबून वळसा घालतो. तुम्ही वळशाची वाट बंद केलीत, तेव्हा साकवावर भागणार नाही. कठडा बांधायची जबाबदारी आता तुमच्यावर आली.

तक्रारी मांडण्याआधी एक व्यवहार जवळून पाहू.

मिनी ॲपमध्ये ‘१०० यूएसडीटी जमा करा’ असं बटण आहे. यूएसडीटी म्हणजे टेथर कंपनीचं, डॉलरच्या भावाचं नाणं. नाणी टॉनवर आहेत, कर्जाचा प्रोटोकॉल ईव्हीएम चेनवर. बटण दाबलं की टॉन कनेक्टमार्फत वॉलेटकडे विनंती जाते. (टॉन कनेक्टमधल्या निरोप पोचवणाऱ्या सर्व्हरलाही ‘ब्रिज’च म्हणतात आणि त्याचा इथल्या ब्रिजशी काडीचा संबंध नाही. नाव ठेवणाऱ्यांना नावं ठेवावीत असा हा प्रकार.) वापरणारा सही करतो. त्याच्या वॉलेटचं कॉन्ट्रॅक्ट (चेनवर चालणारा प्रोग्राम) त्याच्याच यूएसडीटी जेटन वॉलेटला निरोप धाडतं; जेटन म्हणजे टॉनवरचं टोकन. टॉनवर प्रत्येक माणसाच्या प्रत्येक टोकनसाठी असं एक वेगळं छोटं कॉन्ट्रॅक्ट असतं. ईथेरियमसारखी टोकनामागे एकच मोठी खतावणी नसते. ते जेटन वॉलेट ब्रिजच्या जेटन वॉलेटला निरोप धाडतं, आणि ते पुढे ब्रिजच्या मुख्य कॉन्ट्रॅक्टला ‘नाणी आली’ अशी सूचना देतं. उरलेला गॅस, म्हणजे व्यवहार चालवायचं शुल्क, परत करणारा निरोप आणखी वेगळा. मग ब्रिजचे साक्षीदार, ज्यांना कुणी व्हॅलिडेटर म्हणतं, कुणी ऑरॅकल, कुणी सिक्वेन्सर, ती नोंद वाचतात. ठरलेल्या संख्येने सह्या जमल्या की पलीकडे एक व्यवहार होतो : नाणी तयार होतात किंवा मोकळी होतात, आणि प्रोटोकॉलमध्ये जमा पडतात.

ईव्हीएमवर व्यवहार एकसंध असतो. शेवटची पायरी फसली तर सगळंच्या सगळं उलटतं, फक्त गॅस जातो. टॉनवर तिसरा निरोप फसला म्हणून पहिले दोन मागे फिरत नाहीत. मागे फिरवायचं असेल तर कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्याने ती सोय स्वतः लिहायची. दोन चेन जोडल्या की हीच गोष्ट दुप्पट महत्त्वाची होते, कारण पलीकडे व्यवहार उलटला तरी अलीकडची नाणी आधीच कुलपात गेलेली असतात.

आता तक्रारी.

पहिली, खोट्या पावतीची. वापरणाऱ्याने सही केल्यावर टॉन कनेक्ट ॲपच्या हातात जे ठेवतं ते फक्त सही केलेल्या निरोपाचं पार्सल असतं, ज्याला बीओसी म्हणतात. पाकीट पोस्टाच्या पेटीत पडलं, एवढाच त्याचा अर्थ. कितीतरी ॲप तेवढ्यावर हिरवी खूण आणि ‘यशस्वी’ असं दाखवून मोकळी होतात. टेलिग्रामनेच लोकांना शिकवलं आहे की एक टिक म्हणजे मेसेज सर्व्हरवर पोचला आणि दोन म्हणजे वाचला. त्याच खिडकीत हिरवी खूण दिसली की माणूस निर्धास्त होतो, मिनी ॲप बंद करतो. खरं तर या व्यवहाराला निदान पाच टिका हव्यात : सही झाली, टॉनवर कुलपात गेली, साक्षीदारांच्या सह्या जमल्या, पलीकडे व्यवहार झाला, प्रोटोकॉलमध्ये जमा झाली.

परतीच्या वाटेवर हे जास्त बोचतं. पैसे थेट ईथेरियमवरून यायचे असतील तर १२ सेकंदांचा एक स्लॉट, ३२ स्लॉटचा एक एपोक, आणि व्यवहार पक्का व्हायला साधारण दोन एपोक. म्हणजे तेरा मिनिटांच्या आसपास ब्रिजने थांबणं योग्यच आहे. पण त्या तेरा मिनिटांत पडद्यावर नुसतं चाक फिरत असतं. टॉनचा एक्स्प्लोरर, म्हणजे चेनवरच्या नोंदी दाखवणारं संकेतस्थळ, त्याच्या बाजूचं अर्धं दाखवतो, ईव्हीएमचा त्याच्या बाजूचं, आणि दोन अर्ध्यांना जोडणारा आकडा ब्रिजच्या पोटात. माणूस घाबरून गटात विचारतो, ‘माझे पैसे कुठे गेले?’ पाच मिनिटांच्या आत ‘सपोर्ट’ नावाचं खातं त्याला खासगी मेसेज करतं आणि वॉलेटची चावी असलेले २४ शब्द मागतं. या भामट्यांना गिऱ्हाईक पुरवण्याचं काम तुमचं न बोलणारं चाक करतं आहे.

दुसरी तक्रार चिठ्ठीशिवाय पडलेल्या नाण्यांची, आणि ती जरा तपशिलात सांगावी लागेल. जेटन पाठवताना एक आकडा भरावा लागतो : सूचनेसोबत पुढे किती टॉनकॉइन (टॉनचं स्वतःचं नाणं, गॅस त्यातच भरतात) जायचे. तो शून्य ठेवला तर नाणी पोचतात, पण सूचना निघतच नाही. ब्रिजच्या जेटन वॉलेटमध्ये १०० यूएसडीटी जमा, आणि ब्रिजच्या मुख्य कॉन्ट्रॅक्टला पत्ताच नाही. कुणी वॉलेटमधून हातानेच ब्रिजच्या पत्त्यावर नाणी पाठवली तर उलटा प्रकार होतो : सूचना जाते, पण कुठल्या चेनवर, कुणाच्या खात्यात हे सांगणारी चिठ्ठी तिच्यात नसते. नीट लिहिलेलं कॉन्ट्रॅक्ट अशी बिनचिठ्ठीची नाणी आल्या पावली परत पाठवतं. नीट न लिहिलेलं गिळून बसतं.

गॅसचंही तसंच. साध्या जेटन व्यवहाराला ०.०५ टॉन जोडायची पद्धत आहे; उरलेलं परत येतं. ब्रिजला त्याहून जास्त लागतं, कारण निरोप जास्त आणि शिवाय पलीकडच्या चेनचा गॅस आधीच वसूल करायचा असतो. तो अंदाज काढल्यावर पलीकडे गॅस महागला तर शेवटचा व्यवहार कुणी करायचा? काही ब्रिजवर पाठवणारा यंत्रमाणूस भाव उतरायची वाट पाहत बसतो, आणि वापरणाऱ्याला याची वार्ताही नसते. ज्याच्याकडे फक्त यूएसडीटी आहे आणि टॉनकॉइन शून्य, तो तर पहिल्याच पायरीवर अडतो. नव्या डब्ल्यू५ वॉलेटमध्ये गॅस यूएसडीटीतून कापायची सोय आहे, पण ब्रिजच्या लांबलचक विनंतीला ती लागू पडेलच असं नाही. अशा वेळी पडद्यावर काय येतं? ‘एक्झिट कोड ३७’. टॉनच्या मशीनच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पुरेसे टॉनकॉइन नाहीत’ असा होतो. चार शब्दांत सांगता येणारी गोष्ट आकड्यात सांगायचं कारण आम्हाला अजून कळलेलं नाही.

याच सदरात उसळून परत येणारे निरोप. टॉनवर निरोप फसला की तो पाठवणाऱ्याकडे परत उसळतो, पण नेहमीच्या पद्धतीत मूळ मजकुराचे पहिले २५६ बिटच त्याच्यासोबत येतात. त्यात निरोपाचा प्रकार, क्वेरी आयडी (निरोपाचा क्रमांक) आणि रक्कम मावते. कुणाचे, कुठे निघालेले, कशासाठी हे गळून पडतं. म्हणून ही माहिती निरोप धाडण्याआधीच क्वेरी आयडीखाली लिहून ठेवायला हवी. त्या साठवणुकीचं भाडं पडतं, म्हणून काही जण ती टाळतात. दोन पैसे वाचवायला माणसाचे शंभर डॉलर टांगणीला.

तिसरी तक्रार वॉलेटमधल्या पूर्वदृश्याची. चांगली वॉलेट सही मागण्याआधी व्यवहार चालवून पाहतात आणि ‘इतके जाणार, इतके येणार’ असं दाखवतात. पण ही रंगीत तालीम टॉनच्या हद्दीपाशी संपते. ब्रिजच्या व्यवहारात वॉलेटला दिसतं फक्त ‘−१०० यूएसडीटी’, समोर काहीच नाही. वॉलेट रिकामं करणाऱ्या फसव्या ॲपचा व्यवहार अगदी असाच दिसतो. म्हणजे खरा ब्रिज वापरून वापरून लोकांना एकतर्फी उणे आकड्यावर डोळे मिटून सही करायची सवय लागते, आणि उद्या फसवं ॲप आलं की ती सवय त्यांच्या कामी येते. पडद्यावर दिसतं ते आणि सही होते ते यांतल्या फरकाची किंमत आपल्याकडे लोकांनी मोजलेली आहे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलर गेले, तेव्हा सह्या सहापैकी चार लागत होत्या आणि त्या मिळाल्याही होत्या. कंपनीचं म्हणणं होतं की पडद्यावर दाखवलेला व्यवहार आणि सही झालेला व्यवहार वेगळे होते. दोष कुणाचा यावर पुढे वाद झाले. ज्यांचे पैसे अडकले त्यांना त्या वादाने काही मिळालं नाही.

चौथी तक्रार सगळ्यांत गंभीर, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं : पलीकडचं खातं कुणाचं?

टॉनची वॉलेट एडी२५५१९ पद्धतीने सही करतात, ईथेरियमची खाती सेकप२५६के१ पद्धतीने. टॉनच्या चावीने केलेली सही ईव्हीएमचं साधं खातं ओळखत नाही. ‘दुसरं वॉलेट लागत नाही, टेलिग्राममधूनच ईव्हीएमची ॲप वापरा’ हे वाक्य जाहिरातीत छान दिसतं. ते खरं करायला पलीकडे त्या माणसाच्या नावाने एक कॉन्ट्रॅक्ट उघडलं जातं आणि ब्रिजने आणलेला निरोप हीच त्याची सही मानली जाते. कल्पना हुशारीची आहे, आम्हालाही आवडते. पण तिचा अर्थ असा की त्या खात्याची चावी माणसाच्या खिशात नसून ब्रिजच्या खिशात असते. ब्रिज चालू तोवर खातं तुमचं.

हे नुसतं पुस्तकी भय नाही. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात डॉग्स टोकनच्या गर्दीने टॉनवर ब्लॉक तयार होणं दोनदा थांबलं, आणि दोन्ही वेळा काही तास. अशा वेळी ईव्हीएमची चेन मात्र चालूच असते. तिथे कुणी ईथर, म्हणजे ईथेरियमचं नाणं, तारण ठेवून यूएसडीटी उचललेले आहेत, भाव घसरतो आहे, तारण वाढवलं नाही तर लिक्विडेशन, म्हणजे तारणाची सक्तीची विक्री, होणार. वाढवायला लागणारी सही निघते टॉनवरून, आणि टॉन बंद. दंडासकट तारण जातं. यात प्रोटोकॉलची चूक नाही, माणसाची नाही, आणि ब्रिजवाले म्हणणार आमचीही नाही.

कायमचं बंद पडण्याचंही उदाहरण आहे. जुलै २०२३ मध्ये मल्टिचेन हा त्या काळच्या मोठ्या ब्रिजपैकी एक बंद पडला. त्याच्या संघाने तेव्हा सांगितलं की प्रमुखाला मे महिन्यात चीनमध्ये पोलिसांनी नेलं होतं आणि चाव्यांचे तुकडे ठेवलेले सर्व्हर त्याच्या वैयक्तिक क्लाउड खात्यावर चालत होते. कागदावर चावी अनेकांत वाटलेली होती, सगळे तुकडे मात्र एकाच घरात.

यातूनच पाचवी : साक्षीदार किती आणि कोण? मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजवरून १,७३,६०० ईथर आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी (हेही डॉलरच्या भावाचं नाणं) गेले. नऊपैकी पाच सह्या पुरत होत्या. चार चाव्या एकाच कंपनीकडे होत्या आणि पाचवी त्या कंपनीला तात्पुरत्या दिलेल्या आणि काढून घ्यायच्या राहिलेल्या परवानगीतून मिळाली. चोरी उघडकीला आली सहा दिवसांनी, एकाला ५,००० ईथर काढता येईनात तेव्हा. त्याच वर्षी जूनमध्ये हार्मनीचा होरायझन ब्रिज गेला, तिथे पाचपैकी दोन सह्या पुरत होत्या. ऑगस्टमध्ये नोमॅडला तर चावी चोरायचीही गरज पडली नाही. कोडच्या एका बदलात शून्य हा आकडाच खरेपणाचा पुरावा मानला गेला, आणि एकाचा व्यवहार बघून दुसऱ्याने त्यात फक्त स्वतःचा पत्ता घातला. तीन ब्रिज, तीन वेगळी कारणं. आणि तिन्ही ठिकाणी पैसे जायच्या आदल्या दिवशी वापरणाऱ्याच्या पडद्यावर धोक्याची एक ओळही नव्हती. आज टेलिग्रामच्या खिडकीतून ब्रिज वापरणाऱ्याला साक्षीदार किती, त्यांतले एकाच मालकाचे किती, कॉन्ट्रॅक्ट बदलायचा अधिकार कुणाकडे आणि बदल लागू व्हायला किती तासांची मुदत, यातलं काही दिसतं का? कागदपत्रांत कुठेतरी असेल. मिनी ॲपच्या पडद्यावर नसतं.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत, पण रोजच्या आहेत. एकाच नावाची नाणी : टॉनवर टेथरचं स्वतःचं यूएसडीटी एप्रिल २०२४ मध्ये आलं. त्याआधी ब्रिजवरून आलेलं जेयूएसडीटी होतं, आणि ‘यूएसडीटी’ नाव तर कुणीही कुठल्याही जेटनला देऊ शकतं. पलीकडे गेल्यावर हाती पडतं ते खरं, की कुणाच्या तरी हमीवरचं, हे चिन्हावरून कळत नाही. दशांश स्थळं : टॉनकॉइनला ९, ईथरला १८, यूएसडीटीला टॉनवर आणि ईथेरियमवर ६, पण बीएनबी चेनवर १८. रूपांतरात शेपटीचे आकडे कापले जातात आणि ती धूळ कुणाकडे राहते ते कुणी सांगत नाही. ॲप लिहिणाऱ्याने ६ च्या जागी ९ गृहीत धरले तर मात्र धूळ नव्हे, हजारपटीचा घोळ.

आणि हिशोब. भारतात आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर अधिभार-उपकर, हस्तांतरावर १ टक्का उद्गम कपात, आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. ब्रिजवर नाणं गुंडाळणं, म्हणजे मूळ नाणं कुलपात ठेवून त्याच्या बदली दुसरं घेणं, हे हस्तांतर धरायचं का, हा प्रश्न सीए मंडळी आम्हालाच विचारतात. त्याचं उत्तर तुम्ही द्यावं असं आम्ही म्हणत नाही, ते काम सरकारचं. पण दोन्ही बाजूंचे व्यवहार-हॅश (चेनवरची व्यवहाराची खूण), वेळा, रकमा आणि कापलेलं शुल्क एका ओळीत असलेली फाइल उतरवून घेता आली, तर निदान प्रश्न नीट विचारता येईल. आज ती ओळ माणूस दोन एक्स्प्लोररमधून हाताने जुळवतो.

आता मागण्या. सगळ्या आज उपलब्ध असलेल्या साधनांनी करता येण्याजोग्या आहेत.

१. प्रत्येक ब्रिज-व्यवहाराला सही होताक्षणी एक संदर्भ क्रमांक द्या. तो दोन्ही चेनवरच्या नोंदींत असावा आणि त्यावरून सद्यस्थिती सांगणारी खुली सेवा असावी. टेलिग्रामने ती स्थिती मिनी ॲप बंद केल्यावरही चॅटमध्ये मेसेज म्हणून येऊ द्यावी. मेसेज पोचवण्यात तुमचा हात कोण धरणार? बीओसी मिळाल्यावर ‘यशस्वी’ दाखवणारी ॲप तपासणीत नापास करा.

२. परतीची मुदत पैसे पाठवण्याआधी लिहून दाखवा : ‘पलीकडे अमुक मिनिटांत जमा झाले नाहीत तर नाणी टॉनवर परत.’ परत यायला लागणारा गॅस सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवा. बिनचिठ्ठीची नाणी आपोआप परत पाठवणारं आणि ‘नाणी आली’ ही सूचना खऱ्याच जेटन वॉलेटकडून आली का हे तपासणारं कॉन्ट्रॅक्ट असल्याशिवाय कुठल्याही ब्रिजला यादीत घेऊ नका. ज्या नाण्यांची सूचनाच निघाली नाही, ती पुरावा पाहून परत करण्याची रीत ब्रिजने आधीच लिहून ठेवावी.

३. वॉलेटमधलं पूर्वदृश्य हद्दीपलीकडे न्या. ब्रिजने पलीकडच्या व्यवहाराची चाचणी चालवून निकाल वॉलेटला द्यावा आणि वॉलेटने ‘−१०० यूएसडीटी टॉनवर, +इतके तिकडे, शुल्क इतकं’ असं एका चौकटीत दाखवावं. जिथे ते जमत नाही तिथे ‘पुढचं दिसत नाही’ असं लाल अक्षरांत लिहावं.

४. पलीकडच्या खात्याला सुटकेचं दार ठेवा. वापरणाऱ्याने आधी नोंदवलेला स्वतःचा ईव्हीएम पत्ता, ठरावीक दिवस ब्रिज मुका राहिला तर त्या खात्याचा ताबा घेऊ शकेल, अशी तरतूद कॉन्ट्रॅक्टमध्येच हवी. ती कुणा कर्मचाऱ्याच्या मर्जीवर नको. टॉन थांबलं असताना तारण वाढवण्यापुरता वेगळा मार्ग त्याच पत्त्यावरून मिळावा, त्यासाठी दिवसांची अट नको. आणि ज्याने असा पत्ता नोंदवलेला नाही त्याला कर्ज उचलण्याआधी स्पष्ट बजावावं.

५. साक्षीदारांची एकूण संख्या, लागणाऱ्या सह्या, एकाच मालकाकडच्या चाव्या, कॉन्ट्रॅक्ट बदलण्याची मुदत आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची तारीख या पाच ओळी ब्रिजच्या बटणाखाली असाव्यात. लेखापरीक्षणानंतर कोड बदलला असेल तर तेही तिथेच.

६. एक्झिट कोडचे अर्थ शब्दांत द्या आणि ते भाषांतराला खुले करा. मराठीचं काम आम्ही करू, फुकट करू. फक्त मूळ वाक्यं एका फाइलीत द्या, चित्रांत नकोत.

यातलं किती झालं हे पाहायला समिती नको. टेस्टनेटवर (सरावाच्या चेनवर) १०० नाणी पाठवा, पलीकडचा प्रोटोकॉल मुद्दाम बंद ठेवा, मिनी ॲप मिटवून टाका आणि अर्ध्या तासाने त्या चॅटमध्ये काय दिसतं त्याचा स्क्रीनशॉट जाहीर करा. प्रत्येक ब्रिजने आपापला करावा. टेलिग्रामने पुढच्या ब्रिजला परवानगी देताना तोच एक स्क्रीनशॉट मागावा.

उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल, मराठी आम्ही करून घेऊ.

कळावे,

मराठीतून मिनी ॲप लिहिणारे, तपासणारे आणि मदत-गट सांभाळणारे काही जण